चर्चच्या पायऱ्यांवरून

प्लेटवर सगळं उलटं असतं, म्हणून शाई भरताना त्याला काहीच कळलं नाही. तांब्याच्या पत्र्यावर डावीकडे चर्च होतं, उजवीकडे तीन मजली घरांची रांग होती, आणि असले रस्ते वर्षाकाठी दहाबारा तरी त्याच्या हाताखालून जायचे. चित्रकारांना चर्च आवडतं, चर्चपुढचा रस्ता आवडतो, आणि रस्ता ओला असला तर मग विचारूच नका. बोटांना गुंडाळलेल्या फडक्याने तो रेघांमध्ये शाई दाबत गेला, मग जाळीच्या कापडाने वरची शाई गोल गोल पुसत गेला, शेवटी तळहाताला खडूची भुकटी लावून त्याने पत्र्यावरून हलकाच हात फिरवला. भिजवून ठेवलेला कागद दोन चिमट्यांत उचलून वर पसरला, त्यावर लोकरीचे जाड थर सारखे केले आणि प्रेसचं मोठं चाक फिरवायला घेतलं. मागे स्टुलावर त्याचा थोरला भाऊ बसला होता. पंधरा वर्षांनी आला होता. सकाळी साडेदहाला, बगलेत टॉवेलात गुंडाळलेली प्लेट घेऊन तो वर्कशॉपच्या दारात उभा राहिला आणि कालच भेट झाल्यासारख्या आवाजात म्हणाला, की तीस प्रती हव्या आहेत, मोठं प्रदर्शन आहे, आणि ही एक प्लेट दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावीशी वाटत नाही. धाकट्याने त्याला बस म्हटलं, दुसरं काय म्हणणार? चाक फिरून झालं, थर मागे सारले, कागदाचे दोन कोपरे धरून त्याने तो सावकाश सोलून काढला. रस्ता सुलट झाला, आणि धाकटा स्वतःच्याच घरासमोर, पलीकडच्या फुटपाथवर उभा होता.

आधी बटणांचं दुकान ओळखू आलं. पाटीवर रंगवलेली तीन बटणं, त्यातलं मधलं अर्धं पुसलेलं. मग पहिल्या मजल्यापाशी वाकडा झालेला पावसाच्या पाण्याचा पाइप, मग रस्त्यावरचा तो कललेला दिवा. हे सगळं भावाने आठवणीतून काढलं असेल, दोघं लहानाचे मोठे तिथेच झाले होते, असं एक क्षणभर त्याला वाटलं आणि बरंही वाटलं. पण चर्चच्या मनोऱ्याभोवती परांची होती. बारीक बारीक रेघांची, फळ्या आणि दोर आणि आडव्या वाशांची, एकेक गाठ मोजून घ्यावी अशी परांची. ती आठवणीतून काढता येण्यासारखी नव्हती. मनोऱ्याला तडा गेला म्हणून ती परांची एकाच वर्षी बांधली होती आणि ती पाच आठवडे होती. ते पाच आठवडे धाकट्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. थोरला तेव्हा दुसऱ्या शहरात होता, तो घरी येऊन गेल्याला तीन वर्षं झाली होती. कागद हातात तसाच धरून धाकट्याची नजर मनोऱ्यावरून घरांच्या रांगेवर गेली, तिसऱ्या घरावर, दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या खिडकीचा पडदा उघडा होता. आत खुर्चीत एक बाई बसली होती, गव्हाच्या दाण्याएवढी. तिच्या छातीवरून, एका काखेतून दुसऱ्या काखेत, दोन आडव्या रेघा गेल्या होत्या. पट्टीला दोन कडा असतात, म्हणून दोन रेघा.

त्याने कागद सुकत घालायच्या फळीवर ठेवला, चारी कोपऱ्यांना वजनं ठेवली, आणि मग चारी वजनं पुन्हा एकदा दाबून पाहिली. ही त्याची सवय होती. दाराची कडी, गॅसचं बटण, प्रेसचा खटका, सगळं तो तीनतीनदा बघायचा. बायको आधी हसायची, मग चिडायची, आता ती दारात चपला घालून थांबून राहते आणि तो आतून येईपर्यंत जिन्याच्या कठड्याकडे बघत असते.

आईला बांधायचं असं कुणी ठरवून ठरवलं नव्हतं. ती तीनदा घरातून निघून गेली. एकदा बसच्या डेपोत सापडली, रात्रीच्या गाऊनवर, हातात रिकामं पातेलं घेऊन, ड्रायव्हरांना विचारत होती की दूध उतू गेलं ते कुणी पाहिलं का. एकदा तिने गॅस चालू केला आणि पेटवायचं विसरली. बायको हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती, तिची पाळी बदलायची. त्याचं वर्कशॉप घरापासून पंधरा मिनिटांवर. वृद्धाश्रमाच्या यादीत आईचा एकतिसावा नंबर होता, आणि ती यादी पुढे सरकायची ती फक्त कुणीतरी मेलं की. त्याने भावाला तीन पत्रं लिहिली. पहिल्यात लिहिलं, तिला थोडे दिवस घेऊन जा. दुसऱ्यात लिहिलं, निदान येऊन बघून जा. तिसरं वर्षभराने, परांची चढल्यावर लिहिलं, त्यात काय लिहिलं ते त्याला आठवायचं नाही, पण ते पेटीत टाकताना त्याची बोटं लिफाफ्याला चिकटून राहिली होती एवढं आठवायचं. पहिल्या दोन्हींना भावाचं उत्तर आलं की प्रदर्शनाची गडबड आहे, पुढच्या वर्षी नक्की. मग एका सोमवारी धाकट्याने जुनी चादर फाडली, निळ्या रेघांची, धुऊन धुऊन मऊ झालेली. चार बोटं रुंद पट्टी काढली. तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, पट्टी काखांखालून घेतली, पाठीमागे जिथे तिचा हात पोचणार नाही तिथे दोन गाठी मारल्या. बांधताना तो तिला समजावत होता, की आई, दुपारी जेवायला येतो, तोवरच. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि अगदी खेळीमेळीने म्हणाली, "नीट घट्ट बांधा हं, मिस्त्री." खुर्ची दुरुस्त करायला कुणी आलंय असं तिला वाटलं असावं. त्या दिवसापासून तो तिच्या लेखी मिस्त्री झाला. सकाळी तिला धुणारा, भरवणारा, कपडे बदलणारा, सगळा मिस्त्रीच. बायको ती पट्टी शनिवारी धुवायची, इस्त्री करायची, चार घड्या घालून खुर्चीच्या हातावर ठेवायची. त्याबद्दल नवराबायकोत चौदा महिन्यांत एक शब्द निघाला नाही.

परांची चढली आणि ते अवघड झालं. मनोऱ्यावर काम करणारी माणसं बरोबर दुसऱ्या मजल्याच्या उंचीला आली, रस्ता काही फार रुंद नव्हता. पहिल्या आठवड्यात आई त्यांना हात करायची, तेही हात करायचे. मग त्यांनी हात करणं बंद केलं. त्यांना पट्टी दिसली हे त्याला त्यावरून कळलं. त्याने पडदा ओढून पाहिला, तर अंगावर उकळतं पाणी पडावं तशी ती किंचाळली, आणि उघडल्याबरोबर गप्प झाली, मिस्त्रींचे आभार मानून. मग तो दुपारी नि संध्याकाळी मागच्या गल्लीने जा-ये करायला लागला. काम करणारे चर्चच्या पायऱ्यांवर बसून हात धूत असायचे, त्यांच्यासमोरून जायला नको म्हणून. आपल्याच घरात चोरासारखं जायचं, आपल्याच आईकडे. आणि या सगळ्यात त्याच पायऱ्यांवर, त्या माणसांच्या चार हात खाली, मांडीवर वही घेऊन त्याचा भाऊ बसला होता. हे आता त्याला कळलं. कागद अजून ओला होता.

"खिडकी जरा उजळ हवी," थोरला मागून म्हणाला. "तिथली शाई आणखी पूस. बाकी सगळं झकास आलंय."

धाकटा वळला. भाऊ छान दिसत होता, हे मान्य करायला हवं होतं. केस पांढरे झाले होते पण दाट होते, अंगात चांगल्या कापडाचा कोट. फक्त उजवा हात त्याने मांडीखाली दाबून धरला होता, लहान मुलं थंडीत धरतात तसा. सकाळपासून त्याने तो हात तिथून काढला नव्हता. प्लेटही त्याने डाव्या हातानेच पुढे केली होती. कंप आहे, वर्ष झालं, आता कोरायची सुई धरता येत नाही, असं त्याने आल्या आल्या सांगितलं होतं, म्हणूनच कोरून बारा वर्षं पडलेली ही शेवटची प्लेट आता बाहेर काढायची.

तू कधी आला होतास, असं धाकट्याने विचारलं. आवाज चढवला नाही. वर्कशॉपमध्ये आवाज चढवायची पद्धत नव्हती, मालक काचेच्या पलीकडे बसायचा.

थोरल्याने लपवलं नाही. तिसरं पत्र मिळालं आणि तो गाडीत बसला, असं त्याने सांगितलं. थेट घरी यायचं म्हणूनच निघाला होता. रस्त्याच्या तोंडाशी आला, वर बघितलं तर खिडकीत आई होती आणि त्याला ती पट्टी दिसली. तो तिथेच थांबला. वर जायचं म्हणजे तिला सोडायचं, सोडायचं म्हणजे न्यायचं, आणि न्यायचं कुठे? त्याच्याकडे एक खोली होती, तीत ॲसिडच्या परातींतून वाट काढत पलंगाकडे जावं लागायचं. म्हणून तो चर्चच्या पायऱ्यांवर बसला, अगदी कडेला, जिथून मनोराही नजरेत यायचा. बसला आणि काढायला लागला. काढत असलं की आपण काहीतरी करतोय असं माणसाला वाटतं, तो म्हणाला. स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये राहिला, तीन दिवस रोज दुपारी येऊन बसला. धाकटा जेवून परत जाताना रोज त्याला दिसायचा, मागच्या गल्लीकडे वळताना. तू तेव्हा फार बारीक झाला होतास, असंही तो म्हणाला, आणि त्यात खरी कळकळ होती.

धाकट्याला त्या वेळी जे वाटलं ते लाजिरवाणं होतं. राग नंतर आला. आधी आपण पकडले गेलो असं वाटलं, शाळेत डेस्कखाली काही करताना मास्तरांनी वरून बघावं तसं. मग तीस प्रतींचा विचार आला. तीस भिंती, तीस घरं, त्याआधी प्रदर्शनाचा हॉल, तिथे त्याची बायको नक्की जाणार, आणि ती जवळ जाऊन बघणारी बाई होती, तिची सगळी नोकरी चादरीवरचे डाग शोधण्यात गेली होती. तिला दोन रेघा दिसल्याशिवाय राहणार नाहीत. प्लेट त्याच्या समोर होती. खिडकीएवढी जागा खरवडायची आणि घोटून गुळगुळीत करायची, दहा मिनिटांचं काम. किंवा तेही नको, तिथली शाई फक्त पुसायची नाही. शाई ठेवली की खिडकी अंधारी येते, अंधारात खुर्ची नाही, पट्टी नाही, कुणी नाही. तो असं मनात म्हणतच होता आणि त्याचे हात पुढच्या प्रतीसाठी पत्र्यावर शाई चढवायलाही लागले होते, हातांना ते सांगावं लागत नसे, तेव्हा थोरला म्हणाला की अजून एक सांगायचं राहिलंय, ते सांगायलाच मुळात मी आलो.

तिसऱ्या दिवशी तो वर गेला होता.

जिना तसाच होता, तो म्हणाला, पहिल्या वळणावर तोच वास. दाराला बाहेरून नुसती कडी होती. कुलूप का नव्हतं, असं त्याने मध्येच विचारलं. आग लागली तर कुणालाही उघडता यावं म्हणून, धाकटा म्हणाला. थोरल्याने मान हलवली, त्याला ते पटलं. तर त्याने कडी काढली, आत गेला. आईने त्याच्याकडे बघितलं, पाणी मागितलं. त्याने दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, सोडा की हो जरा. त्याने पाठीमागे जाऊन दोन्ही गाठी सोडल्या, पक्क्या होत्या, नखं लागली. ती उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, भिंतीला हात लावून पाहिला, पलंगावर बसली. छान बसली. मांडीवर हात ठेवून. त्याला वाटलं, आता बसेल. गाडीची वेळ झाली होती. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवून निघाला.

"कडी लावली नाहीस," धाकटा म्हणाला.

"आत माणूस असताना बाहेरून कडी कशी लावायची?" थोरला म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता.

त्या दुपारी बटणांच्या दुकानातल्या बाईला ती जिन्यात सापडली होती, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, खुब्याचं हाड मोडून. धाकटा धावत पोचला तेव्हा खोलीत पाचसहा माणसं शिरलेली होती, पट्टी कुणाच्यातरी पायाखाली होती. जेवून परत निघताना त्याला उशीर झाला होता, त्याने घाईत बांधलं होतं, एवढंच त्याला आठवत होतं. गाठ आठवत नव्हती. कडी आठवत नव्हती. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बायको एकदाच म्हणाली, "कडी राहिली वाटतं," आणि पुन्हा कधी म्हणाली नाही, पण तिला तसं म्हणायची गरजही राहिली नाही. मग बारा वर्षं त्याने ती दुपार आठवून पाहिली. हात पाठीमागे जातात, पट्टीची टोकं एकमेकांवरून जातात, पहिली गाठ बसते, आणि पुढे सगळं पुसट. दुसरी गाठ मारली की नाही? मारली असेल तर सैल मारली का? आणि सैल मारली असेल तर चुकून मारली का? सगळ्यात वाईट हे शेवटचं होतं. कारण त्या दिवसांत तो रोज जिना उतरताना एक गोष्ट मनात म्हणायचा, शब्दांत नाही, पण म्हणायचा, की आता हे संपू दे. हाताने मनाचं ऐकलं असेल, असं त्याला वाटायचं. कुणाला सांगणार हे? छपाईचा माणूस, आयुष्यभर हातावर भरवसा ठेवून जगलेला. तेव्हापासून त्याने स्वतःच्या हाताला तीनतीनदा तपासून बघायला सुरुवात केली.

आणि आता भाऊ सांगत होता की गाठी पक्क्या होत्या, नखं लागली. धाकट्याला अचानक भूक लागली. पोटात खड्डा पडावा अशी, कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी. म्हणजे हात शुद्ध होते. आज घरी जाऊन बायकोला सांगता येईल, की कडी मी लावली होती, दोन्ही गाठी मी मारल्या होत्या. ते सांगताना तिचा चेहरा कसा होईल हेसुद्धा त्याच्या डोळ्यांपुढे आलं, आणि मग ते तिथेच विरलं, कारण काय सांगणार होता तो? की मी तिला चांगलं घट्ट बांधलं होतं? सोडवलं ते दुसऱ्याने? आणि जिना उतरताना मनात म्हणायचो ते तर माझंच होतं, ते काही दादाने येऊन केलं नव्हतं. बारा वर्षं त्याच्याजवळ एक अपराध होता, त्याने तो सांभाळला होता, त्याच्याभोवती सगळं घर उभं राहिलं होतं, आणि आता समजत होतं की तो त्याचा नव्हताच. भावाने तोही नेला. आईच्या आयुष्यातली शेवटची मोकळी पावलं याने दिली आणि तिला मारलंही यानेच, आणि दोन्ही करून गाडी पकडली. मग प्लेट कोरली. त्या प्लेटमध्ये बांधणारा आहे. सोडणारा कुठेच नाही.

राग आला तो तेव्हा. थंडगार आला, पत्र्यासारखा.

बारा वर्षं बोलला का नाहीस, असं त्याने विचारलं. थोरल्याने खाली बघितलं. आई गेल्याची तार आली तेव्हा तो आजारी असल्याचं कळवून घरी बसला होता. नंतर वाटलं, सांगून काय होणार, गेलेली परत येणार नाही. धाकट्यावर काय बोजा पडला असेल याचा विचार केला नाही असं नाही, पण तुझ्याकडे बायको होती, तो म्हणाला, माझ्याकडे कुणी नव्हतं. काचेपलीकडे मालक फोनवर बोलत होता. धाकटा पत्रा पुसत होता, गोल गोल, चर्चपासून घरांकडे.

"एका गोष्टीवर मी जगलोय," थोरला म्हणाला. "तिनं मला ओळखलं नाही. सोडा की हो, म्हणाली. अहो-जाहो. ओळखलं असतं, थोरल्या म्हणाली असती, तर मी गेलो नसतो रे. शपथेवर सांगतो, तिथेच राहिलो असतो. परका म्हणून आलो नि परका म्हणून गेलो. एवढाच आधार आहे मला."

धाकट्याने हातातलं कापड खाली ठेवलं. ही संधी त्याने स्वतः होऊन मागितलेली नव्हती, समोर आणून ठेवली गेली होती. त्याने घाई केली नाही. त्याने भावासाठी थर्मासमधला चहा ओतला, कप त्याच्या डाव्या हातात दिला, आणि त्याने पहिला घोट घेईपर्यंत थांबला. हे सगळं तो जाणूनबुजून करत होता, आणि आपण जाणूनबुजून करतोय हे त्याला दिसत होतं, आणि त्याने काही फरक पडत नव्हता.

"ओळखलं होतं," तो म्हणाला. "हॉस्पिटलात अकरा दिवस होती. दुसऱ्या दिवसापासून तिचं एकच चालू होतं. थोरला आला होता. त्यानं मला सोडलं. नर्सला सांगायची, डॉक्टरांना सांगायची, शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायची. थोरला आला होता. मला वाटलं भ्रम झालाय."

यातला शब्द न् शब्द खरा होता. ते अकरा दिवस त्याने रजा काढून तिच्या उशाशी काढले होते. अंग पुसलं, भांडं दिलं, चमच्याने पेज भरवली, आणि प्रत्येक घासाला ती त्या आपल्या थोरल्याचं कौतुक सांगायची. एकदा तो न राहवून म्हणाला होता की आई, तो आलेला नाही, तो येतच नाही, मी आहे इथे. तिने डोळे बारीक करून त्याला बघितलं होतं आणि नर्सला म्हणाली होती, हे मिस्त्री स्वभावाने चांगले आहेत.

थोरल्याच्या हातातला कप हलला नाही. धाकटा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. कुठून मोडायला लागेल, तोंडापासून की डोळ्यांपासून, हे त्याला बघायचं होतं. आधी काहीच झालं नाही. मग थोरल्याने कप खाली ठेवला, उजवा हात मांडीखालून काढला, आणि तो दोन्ही हात मांडीवर घेऊन बसला. उजवा हात नुसता उडत होता, पकडलेल्या पाखरासारखा, पण त्याला त्याची फिकीर उरली नव्हती.

"थोरला म्हणाली?" त्याने विचारलं. "थोरला, असंच?"

"असंच."

"पहिल्याच दिवशी?"

"दुसऱ्या."

थोरला रडायला लागला. पण धाकट्याने ज्याची वाट बघितली होती ते हे रडणं नव्हतं. लांबच्या प्रवासाहून घरी आलेला माणूस दारातल्या पायरीवर बसून रडेल तसं ते होतं. रडता रडता त्याला बोलायचंही होतं. म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं, तो म्हणाला, अहो-जाहो ती मुद्दाम करत होती, लहानपणी आपण रुसलो की करायची ना, या साहेब, बसा साहेब, तसं. म्हणजे मी डोक्यावरून हात फिरवला तो तिला समजला. म्हणजे गेली ती हे घेऊन गेली. त्याचा आवाज तरुण झाला होता. मी तिला मारलं ते आहेच, तो म्हणाला, ते कुठे जाणार, पण ती मला घेऊन गेली. परत सांग बरं. नर्सला काय म्हणाली?

धाकट्याने परत सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्याच्याकडे त्या अकरा दिवसांतलं दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच. डॉक्टरांना काय म्हणाली, तेही सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला थोरला कसा दिसतो ते तिने वर्णन करून सांगितलं होतं, हे त्याला विसरायला झालं होतं, ते आता सांगताना आठवलं, आणि आठवलं म्हणून तेही सांगितलं. केस दाट आहेत म्हणाली. थोरल्याने नकळत केसांना हात लावला. धाकट्याने दुसरी प्रत छापली, खिडकी उजळ ठेवून, भावाला हवी होती तशी. थोरला उठून फळीपाशी आला आणि प्रत बघता बघता म्हणाला, पुन्हा एकदा सांग. तिसऱ्यांदा सांगितलं. दुपार झाली, मालक जेवायला गेला, चौथी प्रत निघाली. धाकट्याचे हात व्यवस्थित चालले होते. प्रत्येक वेळी तो तेच शब्द त्याच क्रमाने म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी ते शब्द त्याच्या तोंडातून निघून समोरच्या माणसाच्या अंगाला लागत होते, त्याला ऊब देत होते. आपल्या तोंडात मात्र त्यांची काही चव राहत नाही, असं त्याला जाणवलं. अकरा दिवस, आणि चौदा महिने, आणि त्याआधी किती वर्षं.

पाचव्यांदा थोरल्याने डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, हळू सांग.

धाकट्याने हळू सांगितलं. थोरला आला होता. त्यानं मला सोडलं. मग त्याने हात फडक्याला पुसले.

"आणि मग म्हणायची," तो म्हणाला, "धाकट्यालाही बोलवा. तो कुठे गेला? दमला असेल तो."

थोरल्याने डोळे उघडले.

"हे मघाशी नव्हतं," तो म्हणाला.

"राहून गेलं."

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत अजून पाणी होतं, आणि चेहऱ्यावर इतकी माया होती की धाकट्याला नजर वळवता येईना. त्याने आपला तो उडता हात उचलून भावाच्या खांद्यावर ठेवला, आणि लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाला,

"नाही रे. असं ती म्हणाली नसेल."